आसभार, मालवाहू वाहनांचा

वाहनाच्या एका आसावरील सर्व चाकांमार्फत रस्त्यावर येणाऱ्या एकूण वजनास आसभार म्हणतात. वाहन व माल यांचे मिळून होणारे स्थूल वजन आणि आसभार या दोन स्वतंत्र मर्यादा असून दोन्ही पाळाव्या लागतात. स्थूल वजन मर्यादेत असूनही एखाद्या आसावर जादा भार असू शकतो.

मर्यादा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये केंद्र शासन या मर्यादा ठरविते. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने दोन टायरांच्या आसाची मर्यादा ६ टनांवरून ७ टन, चार टायरांच्या आसाची १०·२ वरून ११·५ टन, जोड-आसाची १९ वरून २१ टन व त्रि-आसाची २४ वरून २७ टन करण्यात आली. त्यामुळे सहा आसांच्या ट्रेलरचे (७ + २१ + २७) कमाल स्थूल वजन ४९ टनांऐवजी ५५ टन झाले. मात्र नोंदणी प्रमाणपत्रात नमूद केलेले वजनही ओलांडता येत नाही.

भारवाटप : विदर्भातील बंडीत ओझे मागे गेले की ती उलार होते व पुढे आले की बैलांच्या मानेवर येते. ट्रेलरलाही तरफेचे हेच तत्त्व लागू पडते. समजा, कर्षक व ट्रेलर यांची जोडखीळ आणि ट्रेलरच्या त्रि-आसाचा मध्य यांत ८ मी. अंतर आहे, रिकाम्या वाहनाचे वजन १५ टन (कर्षकाच्या आसांवर १०, त्रि-आसावर ५) व माल ३२ टन आहे. मालाचा गुरुत्वमध्य जोडखिळीपासून ४ मी. वर असल्यास कर्षकाच्या आसांवर २६ व त्रि-आसावर २१ टन भार येतो. तोच माल २ मी. मागे सरकविल्यास हे आकडे १८ व २९ होतात. स्थूल वजन ४७ टनच राहते, परंतु त्रि-आसाची २७ टनांची मर्यादा ओलांडली जाते. शिवाय कर्षकावरील भार घटल्याने ओल्या रस्त्यावर त्याच्या चाकांची पकड कमी होते.

वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या नागपूर–हैदराबाद महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४) हा फरक सहज दिसतो. हिंगणघाट परिसरातील सुट्या कापसाने वाहन भरते, पण वजन मर्यादेच्या आत राहते. चंद्रपूरकडून येऊन जाम येथे या महामार्गाला लागणाऱ्या सिमेंटच्या बाबतीत मात्र ट्रेलरचा बराच तळ मोकळा असतानाच वजन पुरे होते. म्हणून पोती कोठे रचली याला महत्त्व येते.

रस्त्यावरील परिणाम : अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८–६० मध्ये झालेल्या चाचण्यांवरून फरसबंदीची हानी स्थूलमानाने आसभाराच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते, असे आढळले. ८·१६ टनांच्या प्रमाण आसाची हानी १ मानल्यास ११·५ टनांच्या आसाची सु. ४ व १५ टनांच्या आसाची सु. ११ भरते, म्हणजे भार सु. तीस टक्क्यांनी वाढला, तर हानी जवळजवळ तिप्पट होते. वर्ध्यासारख्या काळ्या मातीच्या प्रदेशात हा प्रश्न अधिक बिकट असतो. ही माती पावसाळ्यात फुगते व तिची भारधारणशक्ती घटते. उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते. जादा भाराने टायर तापून फुटण्याचा संभव वाढतो आणि गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते.

तपासणी व दायित्व : वजनकाट्यावर संपूर्ण वाहन एकदम तोलल्यास केवळ स्थूल वजन कळते, आसभारासाठी प्रत्येक आसगट स्वतंत्रपणे तोलावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारास २०,००० रु. व प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रु. दंडाची तरतूद असून जादा माल उतरविल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही. दंड भरून जादा माल नेण्याची सवलत राज्यांना देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले. वाहतुकीचे भाडे बहुधा टनावर ठरत असल्याने जादा भाराचा लाभ मालकास मिळतो, तर धोका चालकाच्या वाट्यास येतो. म्हणूनच चालक मालक नसल्यास हा अपराध मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने घडला, असे न्यायालयास गृहीत धरता येते.