न बोलणारा धातू

संपादकांना तांब्याच्या बाटलीतून पाणी पिण्याच्या नव्या हौशीवर लेख हवा होता. त्यासाठी पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो आणि एका म्हाताऱ्या कारागिरापाशी बसलो तो बसलोच.

आळीचा इतिहास थोडक्यात असा: पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार इथे स्थिरावले आणि हंडे, घंगाळं, बंब घडवत राहिले. आता भांड्याला आकार बहुधा यंत्रच देतं. हाताला उरलंय ते मठारकाम. आडव्या लोखंडी दांड्यावर घागर चढवायची, डाव्या हाताने तसूतसूने फिरवायची, उजव्याने ठोकत जायचं. प्रत्येक ठोक्याची चकती आधीच्या चकतीला खेटून बसली पाहिजे. ही नक्षी शोभेची, असं मी समजत होतो. काका हसले. “शोभा नंतर. ठोकल्याने पत्रा ताठ होतो, ते आधी.”

हिशेब त्यांच्या बाजूने आहे. मऊ तांबं २२० मेगापास्कलच्या आसपासच्या ताणाला तुटतं. थंडपणीच ठोकून-ओढून कडक केलेलं ३५०च्या आसपास तग धरतं. पण ठोकतच राहिलं तर पत्रा चिरतो. मग त्याला भट्टी दाखवावी लागते.

मी गुंतलो तो इथे. पत्रा आधी काळवंडला, मग मंद लाल झाला. काकांनी तो सांडशीने उचलून थेट पाण्यात बुडवला. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं. तांबं मऊच राहतं, वर काळी खपलीही सुटते. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला, लाली त्याच्या कितीतरी आधी येते. नजर चुकली तरी सावरायला चांगली सवड मिळते.

“मग तुम्ही लोकांनी जर्मलची भांडी का नाही घडवली?” मी विचारलं. अ‍ॅल्युमिनिअमला आमच्या घरी जर्मलच म्हणत.

“ते बोलत नाही हो,” काका म्हणाले.

खरंच आहे. अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांनाच वितळतं. दिवसाउजेडी लाली दिसायच्या आत ओघळून जातं. ते मऊ करायचं तर पत्र्यावर साबण चोळतात आणि तो करपून काळपट झाला की आच काढतात. म्हणजे धातूऐवजी साबणाकडे बघायचं.

या दोघांची सोयरीकही झालेली आहे. जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी १९०६च्या सुमारास अ‍ॅल्युमिनिअममध्ये सुमारे ४ टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशिअम घातलं. तापवून पाण्यात विझवलेला तुकडा नुसता पडून राहिला आणि एक-दोन दिवसांत आपोआप कडक झाला. हेच ड्युराल्युमिन, पुढे झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचे झाले. काकांना हे सांगितलं, तर त्यांनी हातोडा खाली ठेवला. “कोणी ठोकलं नाही?” “कोणीच नाही.” त्यांना ते फारसं आवडलं नसावं.

स्वयंपाकघरात मात्र तांबं हरलं ते वजनाने आणि पैशाने. उष्णता वाहून नेण्यात ते अ‍ॅल्युमिनिअमच्या दीडपटीहून सरस. पण त्याची घनता ८.९६, अ‍ॅल्युमिनिअमची २.७. त्याच आकाराचं, त्याच जाडीचं पातेलं सव्वातीनपट जड. त्यात किलोचा भाव तिप्पट-चौपट. नुसत्या धातूचाच खर्च दहापट झाला. वर आंबट शिजवायचं तर कल्हई हवी, आणि कल्हईवाल्याची हाक आता गल्लीत येत नाही. विजेच्या उंच मनोऱ्यांवरही हेच घडलं: वजनास वजन धरलं तर अ‍ॅल्युमिनिअमची तार तांब्याच्या दुप्पट वीज नेते.

बाटल्या खपतात, पण बहुतेक कारखान्यातून येतात; ठोक्यांची नक्षीही यंत्र उठवतं. आळीत जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहताहेत आणि वरच्या मजल्यांना दिवसभराचा ठणठणाट सोसत नाही. काकांचा नातू चाकणला अ‍ॅल्युमिनिअमचे सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यात आहे. तिथे भट्टीची आच पडद्यावर आकड्यांत दिसते. “बरं आहे,” काका म्हणाले, “कानाला तरी त्रास नाही.”

पत्रा कडक होत गेला की ठोक्याचा नाद चढतो. भट्टी केव्हा दाखवायची ते काका त्यावरून ओळखत. निघताना मी विचारलं, आता कसं ओळखता? त्यांनी हात कानामागे धरला. मी प्रश्न मोठ्याने विचारला. त्यांनी उजवं मनगट पुढे केलं आणि दुसऱ्या हाताने त्यावर टिचकी मारली.