बावन्न वर्षांचा उशीर!

1945 सालच्या एप्रिल महिन्यात इटलीच्या रणभूमीवर, अवघ्या चार दिवसांच्या अंतराने, दोन सैनिकांनी पराक्रमाची शर्थ केली. शत्रू एकच होता, मृत्यूही तितकाच जवळ होता. एकाच्या छातीवर त्याच वर्षी त्याच्या सेनेतील सर्वोच्च पदक झळकले. दुसऱ्याला त्यासाठी बावन्न वर्षे थांबावे लागले. हा भेद शौर्यातील नव्हता; शौर्याची नोंद करणाऱ्या लेखणीतील होता.

पहिले होते त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव. 9 एप्रिल रोजी सेनियो नदी ओलांडताना त्यांच्या तुकडीवर शत्रूच्या मशीनगनांचा भडिमार झाला. दोघा जखमींना त्यांनी एकामागून एक खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या काठावरून सुरक्षित जागी नेले. मग ते पुन्हा नदी उतरून गेले, हाताला गोळी लागली असतानाही त्यांनी तीन मशीनगन ठाणी नष्ट केली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या जवानांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दुसरे होते अमेरिकेच्या 92 व्या डिव्हिजनचे कृष्णवर्णीय लेफ्टनंट व्हर्नन बेकर. 5 एप्रिल रोजी व्हियारेज्जोजवळच्या आगिनोल्फी किल्ल्यावरील हल्ल्यात त्यांनी तीन मशीनगन ठाणी, एक टेहळणी नाका व एक खंदक उद्ध्वस्त केला. मदत आणतो असे सांगून कंपनीचा गोरा कप्तान मागे गेला. मदत आली नाही. बहुतेक सोबती पडले. दुसऱ्या रात्री हेच बेकर सुरुंगांच्या पट्ट्यातून बटालियनच्या अग्रभागी चालले. त्यांना मिळाले ते दुसऱ्या क्रमांकाचे पदक.

यावरून इंग्रज सरकार मोठे समदर्शी होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. व्हिक्टोरिया क्रॉस 1856 मध्ये सुरू झाला. हिंदी शिपायांना त्याचे दार उघडले ते 1911 च्या दिल्ली दरबारात. 1897 मध्ये सारागढीच्या चौकीवर अखेरच्या श्वासापर्यंत लढलेले 36 व्या शीख पलटणीचे 21 वीर या पदकाला पात्रच नव्हते! हिंदी शिपायासाठी वेगळे पदक राखून ठेवलेले होते आणि तेवढ्यावर त्यांची बोळवण झाली. नामदेव जाधव ज्या दारातून गेले, ते पंचावन्न वर्षे बंद होते.

अमेरिकेत असे बंद दार कायद्याने नव्हते. ते मनात होते. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यात होते. त्या युद्धासाठी चारशेहून अधिक मेडल ऑफ ऑनर दिली गेली. त्यांत कृष्णवर्णीय एकही नव्हता. 1993 मध्ये लष्करानेच याचा अभ्यास करविला. पदक नाकारा असा लेखी हुकूम संशोधकांना कोठेही सापडला नाही. तसा हुकूम काढण्याची गरजच नव्हती. सैन्यातील वर्णभेदाच्या वातावरणानेच ते काम केले होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अखेर 13 जानेवारी 1997 रोजी सात जणांना हे पदक देण्यात आले. त्यांपैकी ते हातात घेण्यास एकटे बेकरच हयात होते, वयाच्या 77 व्या वर्षी!

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जुनी प्रकरणे उकरल्यास पदकांचे मोल घसरेल. आमच्या मते वस्तुस्थिती उलट आहे. पदकाचे मोल त्याच्या दुर्मीळपणात नसून निवाड्याच्या सचोटीत असते. दुसरा आक्षेप असा की, इतक्या वर्षांनी पुरावा कोठून आणायचा? हा आक्षेप गंभीर आहे. म्हणूनच हा निर्णय लोकभावनेच्या लाटेवर अथवा मंत्र्यांच्या मर्जीवर सोडता कामा नये. ऑस्ट्रेलियाने 2011 पासून यासाठी कायद्याने स्वतंत्र न्यायाधिकरण ठेवले आहे. टेडी शीन हा अठरा वर्षांचा खलाशी 1 डिसेंबर 1942 रोजी, जहाज सोडण्याचा हुकूम झाला असताना, जखमी अवस्थेत तोफेला स्वतःला जखडून जपानी विमानांवर मारा करीत जहाजाबरोबर बुडाला. त्याच्या वाट्याला केवळ खलित्यातील उल्लेख आला होता. न्यायाधिकरणाने 2019 मध्ये शिफारस केली, सरकारने ती आधी नाकारली आणि 2020 मध्ये त्याच सरकारला व्हिक्टोरिया क्रॉस मान्य करावा लागला.

आता आमच्या घराकडे पाहू. 1947 पासून 1999 च्या कारगिल युद्धापर्यंतच्या पराक्रमासाठी 21 परमवीरचक्रे दिली गेली. वीस भूदलाला, एक हवाईदलाला. नौदलाला एकही नाही. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळ ‘खुकरी’ युद्धनौका बुडाली, तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी खलाशांना बाहेर काढण्याची शिकस्त केली, आपले जीवरक्षक जाकीट एका खलाशाला दिले आणि 18 अधिकारी व 176 खलाशांसह जलसमाधी पत्करली. त्यांना महावीरचक्र मिळाले. ते परमवीरचक्रच हवे होते, असा निकाल आम्ही येथे देत नाही. तो आमचा अधिकार नव्हे. परंतु हा प्रश्न जेथे पुराव्यानिशी मांडता येईल आणि जेथून कारणांसह उत्तर मिळेल, अशी जागा असली पाहिजे, एवढे आम्ही निश्चित म्हणतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. केवळ शौर्यपुरस्कारांच्या फेरविचारासाठी कायद्याने स्वतंत्र न्यायाधिकरण नेमावे; कोणाही नागरिकाला तेथे दाद मागता यावी; जुन्या शिफारसींची दप्तरे अभ्यासकांना खुली करावीत; आणि शिफारस अमान्य झाल्यास सरकारने तिची कारणे जाहीर करावीत.

हे काम सवडीने करण्याचे नाही. दप्तर टिकते, साक्षीदार टिकत नाही. 1971 साली विशीत असलेला जवान आज सत्तरीपार गेला आहे. 1962 च्या हिमालयातील लढवय्ये ऐंशीच्या पुढे आहेत. शेजारच्या खंदकात काय घडले, हे फक्त तेच सांगू शकतात. त्यांचे डोळे मिटल्यावर काढलेली पदकांची मिरवणूक म्हणजे वरातीमागून घोडे! अमेरिकेत सातांपैकी एक तरी उरला होता. आमच्याकडे तोही उरू नये, अशी वाट सरकार पाहत आहे काय?