करडांमधील मरतूक : वार पडण्याची वाट पाहू नका

आखाडा बाळापूर परिसरात सोयाबीन, तूर, हळदीच्या शेतीसोबत दोन-चार ते दहा-बारा शेळ्या सांभाळणारी घरे बरीच आहेत. उस्मानाबादी जात आपल्या मराठवाड्याची, आणि जुळी करडे देण्यासाठी ओळखली जाणारी. शेळीने दोन करडे दिली की आपण खूश होतो. मात्र शेळीपालनाचा हिशेब किती करडे जन्मली यावर नाही, विक्रीच्या वयाला किती पोचली यावर होतो. समजा, पाच शेळ्यांची दहा करडे झाली आणि तीन महिन्यांत त्यांतली चार गेली. शेळ्यांचा चारा, औषधपाणी, राखण तेवढीच राहते. विकायला मात्र सहाच करडे उरतात.

करडू कशाने गेले असे विचारले, तर "हगवण लागली" किंवा "थंडीने गेले" हे उत्तर मिळते. ते खोटे नसते. पण हगवणीला आणि थंडीला बळी पडणाऱ्या करडांपैकी अनेकांना चीक उशिरा किंवा अपुरा मिळालेला असतो.

माणसाच्या बाळाला आईकडून रोगप्रतिकारक घटक जन्माआधीच मिळतात. शेळीच्या वारेतून ते करडापर्यंत पोचत नाहीत. करडाला ते फक्त चिकातून मिळतात. हे घटक जसेच्या तसे रक्तात घेण्याची आतड्याची ताकद पहिल्या काही तासांत सर्वांत चांगली असते, नंतर झपाट्याने घटते आणि साधारण २४ तासांत जवळपास संपते. त्यानंतर कितीही चीक पाजला, तरी तो पोट भरतो, संरक्षण देत नाही.

आणि नेमके याच वेळी आपण थांबतो. वार पडल्याशिवाय करडाला आचळाला लावायचे नाही, ही समजूत अजून अनेक घरांत आहे. शेळी रात्री व्याली आणि वार पहाटे पडली, तर करडाचे सर्वांत मोलाचे तास गेले. खरे तर करडू चोखू लागले की शेळीच्या शरीरात गर्भाशय आकुंचन पावण्याची क्रिया वाढते आणि वार पडायला मदतच होते. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट वाद न घालता, एका वेताला करून दाखवा. माझा अनुभव असा की सांगण्यापेक्षा ते लवकर पटते.

आचळ कोमट पाण्याने पुसा, पहिल्या दोन-तीन धारा काढून टाका, म्हणजे आचळाच्या तोंडाशी बसलेला घट्ट चीक निघतो. अर्ध्या ते एका तासाच्या आत करडाला पाजा. २ किलो वजनाच्या करडाला पहिल्या दिवसात साधारण २०० मिली चीक चार-पाच वेळा विभागून मिळायला हवा. जुळ्यांत दांडगे करडू आधी पिते आणि अशक्त मागे राहते. अशक्ताला स्वतः धरून पाजा. शेळीला चीक नसेल, तर त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या निरोगी शेळीचा चालतो. नाळ पोटापासून दोन-तीन बोटे सोडून स्वच्छ दोऱ्याने बांधा, पुढचा भाग कापा आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ओले करडू लवकर गारठते. कोरड्या गोणपाटाने चोळून पुसा. त्याच्या तोंडात बोट घालून पाहा; तोंड गार लागले आणि मान धरत नसेल, तर आधी ऊब द्या, मगच चीक पाजा. अशा करडाच्या तोंडात बाटलीने ओतलेला चीक फुफ्फुसात जातो. रात्री वीज जाते म्हणून फक्त बल्बवर विसंबू नका. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून शेजारी ठेवल्या तरी काम भागते.

करडू जन्मताच दुबळे असेल, तर चूक विण्याच्या आधीची आहे. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, आणि गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. नॉर्वे-फिनलंडकडे रेनडिअरचे कळप पाळणाऱ्यांनाही हेच दिसते: हिवाळ्यात आई खंगली की वसंतात जन्मणारे पाडस हलके निघते आणि कमी टिकते. आपली शेळी बर्फात नाही, पण नुसत्या सोयाबीनच्या भुसकटावर गाभण शेळीचे भागत नाही. या दीड महिन्यात रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक (मक्याचा भरडा, तुरीची चुणी, थोडी पेंड, खनिज मिश्रण) द्या. खुराक हळूहळू वाढवा. सुबाभूळ किंवा शेवरीचा पाला जोडीला असावा. आंत्रविषाराची लस विण्याआधी चार ते सहा आठवडे टोचली, तर तिचे संरक्षण चिकातून करडालाही मिळते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर गर्दीच्या, ओल्या जागेतल्या करडांना रक्ती हगवण लागू शकते. दिवसभर टोपल्याखाली कोंडलेल्या करडांत हे अधिक दिसते. टोपले उचला आणि करडाच्या नाकाच्या उंचीला वाकून वास घ्या. डोळ्यांना झोंबले तर जागा बदला, कोरडी राख किंवा चुना पसरा. हगवणीवर मनाने प्रतिजैविक देऊ नका. लेंड्यांचा नमुना घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, कारण जंत आणि रक्ती हगवण यांची औषधे वेगळी आहेत. तीन ते चार महिन्यांच्या वयात पीपीआरची लस टोचून घ्या. गाभण शेळीच्या खुराकाचे प्रमाण ठरवण्यासाठी कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येईल. जाताना घरात कोणता चारा किती आहे, ते लिहून न्या.