बारा-तेराचा पाना कुठं गेला?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, खरं उत्तर द्या हं! तुमच्या घरातली पक्कड या क्षणी कुठं आहे? शिलाई मशीनच्या खणात, फ्रिजवरच्या टोपलीत, की शेजारच्या वहिनींनी गणपतीत दिव्यांची माळ लावायला नेली ती अजून त्यांच्याकडंच? नाही ना सांगता येत? आणि मिसळणाच्या डब्यातली मोहरी? ती मात्र तुम्ही डोळे मिटून काढून द्याल!

असं का बरं? मोहरीला तिची वाटी आहे. वाटी रिकामी झाली की झाकण उघडताक्षणी दिसतं. पकडीला मात्र वाटीच नाही. ती जाते तेव्हा कुणाला पत्ताही लागत नाही. कळतं ते ऐन गरजेच्या वेळी. म्हणून हत्यारांसाठीही असाच एक मिसळणाचा डबा कसा करायचा, ते आज सांगणार आहे. तो फोमचा असतो. पण या उद्योगाला मी का लागले, ते आधी सांगायला हवं. सांगताना थोडी लाज वाटते, तरी सांगते.

पाना सापडला, पण...

आमच्या घराला लागूनच यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं छोटंसं वर्कशॉप आहे. एक टेबल आणि दोन लाकडी खोकी भरून हत्यारं. हाताखाली सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा होता. कामाला चलाख, बोलायला कमी. मी चहा घेऊन गेले की, "काकू, द्या इकडं," म्हणून ट्रे हातातून घ्यायचा.

एक दिवस बारा-तेराचा पाना सापडेना. ज्यांच्या घरी असलं काम चालतं त्यांना ठाऊक असेल, दुतोंडी पान्यांचा संच आठांचा असतो: ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९ आणि २०-२२. एक गेला की त्याचं काम उरलेल्या सातांना करता येत नाही. यांनी मुलाला विचारलं. "शेठ, मी नाही घेतला," एवढंच तो म्हणाला. पुन्हा विचारलं, मग आवाज चढवून विचारलं. रात्री जेवताना मीही म्हणून गेले, "दुसरं कोण येतं हो तिथं?" झालं! दुसऱ्या दिवशी त्याचा हिशोब करून त्याला घरी पाठवलं.

तीन आठवड्यांनी एक शेतकरी आले आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पाना काढून यांच्यापुढं ठेवला. "मालक, आमच्या विहिरीवरच्या खोलीत राहिला होता. स्टार्टरच्या पेटीवर सापडला." तिथं काम करायला हे स्वतःच गेले होते. मुलगा त्या दिवशी बरोबर नव्हताच!

हे तसेच त्याच्या घरी गेले. "चुकलो," म्हणाले. पण तो परत आला नाही. त्याची आई एवढंच म्हणाली, "पाना मिळाला, बरं झालं. पण तीन आठवडे माझ्या पोराला गल्लीत मान वर करता आली नाही, त्याचं काय?" यावर हे काय बोलणार?

मागाहून विचार केला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पाना नक्की कधी गेला, हेच आम्हाला माहीत नव्हतं. त्याच संध्याकाळी कळलं असतं, तर 'आज आपण कुठं कुठं गेलो होतो?' एवढंच आठवायचं होतं. कळलं चार दिवसांनी, म्हणून वस्तू शोधायच्या ऐवजी आम्ही माणूस शोधला.

विमानवाले काय करतात?

विमानांच्या दुरुस्तीत या गोष्टीला फार महत्त्व असतं. तिथं प्रत्येक हत्याराला फोममध्ये त्याच्याच आकाराची खाच कोरलेली असते. वरचा थर एका रंगाचा, तळ दुसऱ्या भडक रंगाचा. हत्यार उचललं की खालचा रंग डोळ्यांत भरतो. काम संपल्यावर एक जरी खाच रिकामी दिसली, तरी हत्यार शोधल्याशिवाय विमान सोडायचं नाही, असा दंडक आहे.

दंडक मोडला की काय होतं तेही ऐका. डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एका कंपनीच्या ए-३८० विमानाची लॉस एंजेलिसला तपासणी झाली. त्या वेळी सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं एक हत्यार इंजिनातच राहिलं. ते परत आलं नाही हे लक्षात आलं होतं, तरी रीतसर शोध न घेता विमान सोडलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये हत्यार सापडलं, तोवर विमानाच्या ३४ फेऱ्या झाल्या होत्या! सुदैवानं अपघात झाला नाही.

ऑपरेशन थिएटरमध्येही हेच तत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-यादी दिली, तिच्यात रुग्णाला बाहेर नेण्याआधी हत्यारं, कापसाचे बोळे आणि सुया मोजायला सांगितलं आहे. आपल्या घरात विमान नाही की ऑपरेशन नाही, पण मोजदाद तीच.

आता कृती

*साहित्य:* काळ्या रंगाचा १० मिलिमीटर जाडीचा इव्हा फोम. तळाला ३ ते ५ मिलिमीटरचा पिवळा किंवा लाल फोम. नवं पातं घातलेला कटर. शिवणाचा पांढरा खडू. स्टीलची पट्टी आणि चप्पल चिकटवायचं रबरी सोल्युशन. टी.व्ही.च्या खोक्यातून येणारा घट्ट पांढरा पॅकिंगचा फोमही चालतो. सोफ्याचा मऊ फोम मात्र घेऊ नका, तो तेल पितो आणि काही दिवसांनी त्याचा भुगा होतो. थर्माकोलही नको; त्याचे दाणे घरभर होतात.

१. आधी सगळी हत्यारं जुन्या चादरीवर मांडा. गंजलेली, मोडकी, दुहेरी झालेली बाजूला काढा. नको असलेल्या हत्याराला जागा कोरण्यात काय अर्थ?

२. खणाचं आतलं माप घेऊन दोन्ही फोम कापा. काळ्या फोमवर हत्यारं ठेवून पाहा. नेहमी लागणारी पुढं, कधीमधी लागणारी मागं. दोन हत्यारांमध्ये बोटभर जागा सोडा, नाहीतर मधली भिंत फाटते. ही मांडणी एक रात्र तशीच राहू द्या. सकाळी दोन-चार हत्यारांची जागा बदलावीशी वाटेलच!

३. खडूला टोक काढून, तो सरळ उभा धरून प्रत्येक हत्याराभोवती रेघ ओढा. उचलताना बोटं शिरावीत म्हणून हत्याराच्या दोन्ही बाजूंना दहा रुपयांच्या नाण्याएवढे अर्धगोल काढा. हे विसरलात तर पाना छान बसेल, पण निघायचा नाही.

४. फोमखाली जुना पाट घ्या. रेघेच्या किंचित आतून कापा, म्हणजे हत्यार घट्ट बसतं. एका दमात आरपार कापू नका. हलक्या हातानं तीन-चारदा पातं फिरवा. दुसरा हात पात्याच्या वाटेत कधीही नको. मुलं शाळेत गेल्यावर हे काम काढलेलं बरं.

५. मग काळा थर पिवळ्यावर चिकटवा. दोन्हींना सोल्युशनचा पातळ हात द्या, बोटाला चिकटेनासं झालं की दाबून बसवा. हे काम खिडकी उघडून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब करा, कारण सोल्युशन लगेच पेट घेतं. हातोडीसारख्या जाड वस्तूसाठी काळे थर दोन घ्या.

६. प्रत्येक खाचेच्या तळाला नाव किंवा नंबर लिहून चिकटवा. पान्यांना तर हवाच. १२-१३ आणि १४-१५ यांच्या खाचा सारख्याच दिसतात.

फोम खणाला चिकटवू नका, नुसता बसवा, म्हणजे काढून पुसता येतो. पावसाळ्यात हत्यार कोरडं करून, तेलाचं फडकं फिरवून मगच ठेवा. हा फोम पाणी शोषत नाही, पण हत्याराखाली अडकलेली ओल तिथंच राहते आणि गंज चढवते.

रात्रीचं एक मिनिट

नुसता फोम कोरून भागत नाही, बरं का! आमच्याकडं रात्री दुकान बंद करताना खण उघडून एक नजर टाकायची रीत आहे. पिवळं दिसलं की तिथल्या तिथं शोध. कुणी हत्यार मागून नेलं, तर त्याचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी त्या खाचेत ठेवायची. मोठ्या कारखान्यांत कामगार नंबराचा पितळी बिल्ला देऊन हत्यार नेतात, त्यातलाच हा प्रकार. पहिल्याच महिन्यात दोनदा पिवळं दिसलं. एकदा टेस्टर यांच्याच शर्टाच्या खिशात होता, एकदा स्क्रू ड्रायव्हर मीच मिक्सरपाशी विसरले होते. चोर घरातच निघाले म्हणायचे!

वर्कशॉप नसलं तरी हरकत नाही. हातोडी, पक्कड, टेस्टर, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि टेप एवढ्यासाठी बिस्किटांचा पसरट डबा पुरतो. शिवणाच्या डब्यातल्या कात्रीला आणि बॉबिनलाही अशी जागा करता येते.

तो मुलगा आता दुसरीकडं कामाला आहे. रस्त्यात भेटला तर, "काकू, बऱ्या आहात ना?" म्हणून विचारतो. मी "हो रे" म्हणते आणि माझीच मान खाली जाते. आमचा हा फोम त्याच्यासाठी उशिराच झाला.

तुमच्याही घरी भांडीवाल्या बाई येत असतील, हाताखाली एखादा पोरगा असेल, सुट्टीत दिरांची मुलं येत असतील. कात्री सापडेनाशी झाली की आपली नजर पहिल्यांदा कुणाकडं वळते? जरा आठवून पाहा. आणि या रविवारी ती जुनी चादर पसरून हत्यारं मांडाच!