साखर, बीपी आणि दाराशी उभा राहिलेला कुत्रा

वस्तीतल्या तपासणी शिबिरात रक्तातली साखर आणि बीपी पाहून झाले की आम्ही प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो, "रोज चालता का?" उत्तरे आता आम्हाला पाठ झाली आहेत. "गुडघे दुखतात, सिस्टर." "एकटीने कुठे फिरू?" "लोक म्हणतील, ही बाई बिनकामाची हिंडते." गोळ्या लोक घेतात, निदान पहिले काही महिने तरी. चालणे मात्र केसपेपरवरच राहते. चाळिशीनंतर नियमाने चालणारे जे थोडे लोक आम्हाला भेटतात, त्यांत एक गट असा आहे की ज्यांना आम्ही काही सांगावेच लागत नाही. त्यांच्या घरी कुत्रा आहे. पहाटे तो दाराशी येऊन उभा राहतो, कुईकुई करतो, आणि माणसाला पायात चपला घालाव्याच लागतात. पाऊस असो, थंडी असो, त्याला बाहेर न्यावेच लागते.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम सांगते. सकाळी पंधरा आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे कुत्र्याला फिरवले तर आठवड्याचे २१० मिनिटे चालणे होते. पायरीवर गप्पा मारत उभे राहिलेली मिनिटे त्यात धरू नयेत, एवढेच. लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या एका वस्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये हे १५० मिनिटांचे माप पूर्ण होण्याची शक्यता न पाळणाऱ्यांच्या चौपट दिसली.

हृदयाच्या बाबतीतली पाहणी त्याहून जुनी आहे. अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हृदयविकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या ९२ रुग्णांची माहिती मांडली. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११. रुग्ण थोडे होते, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. पण पुढे २०१७ मध्ये स्वीडनमध्ये ४० ते ८० वयाच्या चौतीस लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात घरात एकट्याने राहणाऱ्या माणसाकडे कुत्रा असेल, तर त्याच्या मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्या एकट्या माणसापेक्षा ३३ टक्के कमी आढळला. भरल्या घरात फरक दिसला, पण इतका नाही. आम्हाला या आकड्यात सर्वांत महत्त्वाचा शब्द वाटतो तो 'एकटा'.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याला चालवते, ज्याच्या खिशात थोडे पैसे आहेत, तोच बहुधा कुत्रा पाळतो. मग कुत्र्यामुळे माणूस निरोगी राहिला, की निरोगी होता म्हणून त्याने कुत्रा पाळला? हे कोडे अशा पाहण्यांतून पूर्ण सुटत नाही. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०१३ च्या निवेदनात म्हणूनच दोन्ही गोष्टी सांगितल्या. कुत्रा पाळणे आणि हृदयविकाराचा कमी धोका यांचा संबंध असावा असे दिसते, पण केवळ धोका कमी व्हावा म्हणून कुणी प्राणी आणू नये. आमचेही मत तेच आहे. बीपीची गोळी बंद करून कुत्रा आणायचा नाही. गोळी चालू ठेवायची, आणि कुत्र्याची मनापासून आवड असेल तर त्याचा हा फायदा आपसूक पदरात पडतो.

कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवला की जीव शांत होतो, हा अनुभव पुष्कळांना आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये त्याचे एक कारण दाखवले. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक वाढते. बाळाला पाजताना आईच्या शरीरात वाढते तेच हे. प्रसूतिकक्षात काम केलेल्या आम्हा परिचारिकांना त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

एकटेपणाचा आजार आमच्या वस्त्यांत किती वाढला आहे, हे घरोघर फिरल्याशिवाय कळत नाही. मुले शिकली, नोकरीसाठी पुण्याला, हैदराबादला, कुणी परदेशात गेली. हे व्हावे म्हणूनच आईबापांनी हाडांची काडे केली. पण आता दोन खोल्यांच्या घरात सत्तरीचे काका एकटे असतात, टीव्ही दिवसभर चालू असतो आणि ताटातली भाकरी तशीच असते. सफाई खात्यातून निवृत्त झालेले असेच एक काका पत्नी गेल्यानंतर आमच्याशीही बोलेनासे झाले होते. गल्लीतल्या एका कुत्रीने त्यांच्या जिन्याखाली पिले घातली. त्यांतले एक, पाय दुखावलेले, त्यांनी वर नेले. त्यानंतर त्यांना स्वयंपाक करावा लागला, कारण पिलाला खायला घालायचे होते. खाली उतरावे लागले. पिलू पाहायला पोरे जमू लागली, तेव्हा पोरांशी बोलावे लागले. त्यांची साखर एकदम उतरली असे काही आम्ही म्हणत नाही. पण शिबिराला ते स्वतःहून येऊ लागले, आणि गोळ्या संपण्याआधी आठवणीने न्यायला लागले. आमच्या कामात ही छोटी गोष्ट नव्हे.

जुन्या पिढीतली काही माणसे हे ऐकून चिडतात. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता आणि आपल्याला होता, हे ज्यांनी बापाच्या, आजोबांच्या तोंडून ऐकले आहे, त्यांना कुत्र्याचे लाड टोचणारच. तो राग आम्ही समजू शकतो. पण तो अन्याय माणसांनी माणसांवर केला, मुक्या जनावराने नाही. आणि फेब्रुवारी १९३४ मधले राजगृहावरचे ते छायाचित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव. त्याच छायाचित्रात बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. पुढच्या वेळी नीट पाहा.

इथवरचा भाग गोड होता. यापुढचा भाग मात्र घरातल्या प्रत्येकाने वाचावा, कुत्रा पाळायचा नसला तरी.

रेबीज. भारतात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरतात, असा अलीकडच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. लक्षणे एकदा सुरू झाली की जवळजवळ कुणीही वाचत नाही. पाणी समोर आणताच घशाला आचके येणारा रुग्ण ज्याने वॉर्डात पाहिला आहे, तो ते दृश्य विसरत नाही. आणि हाच आजार वेळेवर उपचार घेतले तर टाळता येतो. म्हणजे त्यातला जवळजवळ प्रत्येक मृत्यू टळण्यासारखा होता.

कुत्रा चावला, त्याचे दात किंवा नख लागून ओरखडा उठला, किंवा उघड्या जखमेवर त्याने चाटले, तर सर्वांत आधी नळाखाली जखम साबणाने १५ मिनिटे धुवायची. घड्याळ लावून धुवायची, कारण दोन मिनिटांतच आपल्याला पुरे झाले असे वाटते. विषाणू लाळेतून जखमेत येतो, आणि साबणाने त्याचा मोठा भाग तिथेच नष्ट होतो. त्यावर मिरचीपूड, चुना, हळद, तेल, तंबाखू यातले काहीही लावायचे नाही. मांत्रिकाकडे नाही, उतारा नाही. सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे ही लस मोफत मिळते. कातडीत देण्याची लस असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि दंडाच्या स्नायूत देण्याची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी घ्यायची. रक्त आलेली जखम असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. डॉक्टरांनी विचारले नाही तर आपण विचारायचे, "सीरम लागेल का?" गरोदर बाईलाही ही लस द्यायचीच असते.

"पोटात चौदा इंजेक्शने" या भीतीने आजही लोक घरी बसतात. ती जुनी लस भारतात केव्हाच बंद झाली. आताची सुई दंडाला टोचतात आणि ती फारशी दुखत नाही. दुसरी अडचण अर्धवट कोर्सची. दोन सुया घेतल्या, जखम भरली, मजुरी बुडते म्हणून तिसरीला कुणी जात नाही. जखम भरण्याशी रेबीजचा काही संबंध नाही. आणि लहान मुले चावल्याचे लपवतात, कारण कुत्र्याला दगड मारला म्हणून मार बसेल असे त्यांना वाटते. मुलांना आधीच सांगून ठेवा, चावले तर मार बसणार नाही, पण सांगितलेच पाहिजे.

पाळलेल्या कुत्र्याचे रेबीज लसीकरण म्हणूनच पहिली अट. पिलू साधारण तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, मग पशुवैद्य सांगतील तेव्हा बूस्टर, आणि पुढे दरवर्षी. ज्याला आपण गुरांचा दवाखाना म्हणतो त्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यालाही तपासतात. तिथे लसीची चौकशी करा आणि लसीचे कार्ड रेशनकार्डासारखे जपून ठेवा. जंताचे औषध नियमाने द्या, नाहीतर ते जंत घरातल्या रांगत्या बाळाच्या पोटात जातात. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का ते दर आठवड्याला पाहा. नसबंदी करून घ्या. बऱ्याच महापालिकांत पाळीव कुत्र्याची नोंदणी लागते, तीही विचारून घ्या.

कुत्रा विकतच आणला पाहिजे असे नाही. हस्की हा सायबेरियाच्या बर्फातला कुत्रा, त्याला विदर्भाच्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात ठेवणे ही क्रूरता आहे, हौस नव्हे. गल्लीतले गावठी पिलू आपल्या हवेला सरावलेले असते, आणि चालायला लावण्याचे काम तेही तितकेच चोख करते. खाण्याचेही फार अवघड नाही. नुसत्या दूध-भाकरीवर त्याचे भागत नाही. अंडे, उकडलेले चिकन, भात, थोडी भाजी चालते. पण रविवारच्या मटणाचा उरलेला रस्सा त्याच्या ताटात ओतू नका. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी नष्ट करतो. चॉकलेट, द्राक्षे, मनुका हेही त्याला विषासारखे. शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात आणि आतडे फाडू शकतात.

काही घरांनी मात्र थांबावे. कुणाला दमा असेल आणि कुत्र्याजवळ गेल्यावर श्वास लागत असेल, कुणाची केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. तान्ह्या बाळाजवळ कितीही गरीब कुत्रा एकटा सोडू नये. हाडे ठिसूळ झालेल्या आजींच्या हातात दांडग्या कुत्र्याची साखळी देऊ नका. तो मांजरामागे धावला की आजी पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या लोकांचे असे अस्थिभंग २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून अधिक वाढले. आजींसाठी लहान चणीचा, वयाने थोडा मोठा, शांत कुत्रा बरा. आणि साखळी मनगटाला गुंडाळायची नाही, हातात धरायची.

आणखी एक गोष्ट रुग्णालयाच्या नोंदीत कधी येत नाही, पण आम्ही ती अनेकदा पाहिली आहे. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाला "ॲडमिट व्हा" म्हटले की तो म्हणतो, "घरी कुत्रा आहे, त्याला कोण पाहणार?" आणि सही करून निघून जातो. एकट्या माणसाने कुत्रा आणतानाच शेजारच्या एका घराशी बोलून ठेवावे. घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे द्यावी, कुत्रा काय खातो, त्याचे कार्ड कुठे आहे ते दाखवावे, आणि महिन्यातून एकदोनदा त्यांनाही त्याला फिरवायला सांगावे, म्हणजे तो त्यांच्याकडे राहील. शेजाऱ्यांचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून आपल्या गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवावा.