बाखला विचारलंस का?

मित्रांनो, मँडोलिन म्हटलं की आपल्याला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आठवतो. पण याच वाद्यासाठी व्हेनिसच्या अँटोनिओ विवाल्डीने (१६७८-१७४१) कॉन्चेर्टो लिहून ठेवलेत. कॉन्चेर्टो म्हणजे एक वाद्य पुढे आणि बाकीचा वाद्यवृंद साथीला. कधी साथ, कधी चक्क जुगलबंदी!

मी कॉन्व्हेंटवाली (मराठी सांभाळून घ्या). शाळेत पियानो शिकताना नियम एकच, कागदावर आहे तेच वाजवायचं. त्यामुळे अवी अविताल या इस्रायली वादकाचा २०१२ सालचा बाखचा अल्बम ऐकून मी जाम चिडले. व्हायोलिन आणि हार्प्सिकॉर्डचे कॉन्चेर्टो हा खुशाल मँडोलिनवर वाजवतो म्हणजे काय? रूममेट शांतपणे म्हणाली, "बाखला विचारलंस का?"

मग वाचायला घेतलं आणि तोंडावर आपटले. बाखने स्वतःचे ए मायनर आणि ई मेजर व्हायोलिन कॉन्चेर्टो पट्टी एक स्वर खाली आणून हार्प्सिकॉर्डसाठी पुन्हा लिहिले होते. विवाल्डीचा चार व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो घेऊन त्याने तो चार हार्प्सिकॉर्डसाठी बसवला. त्या काळी साथीच्या हार्प्सिकॉर्डवाल्याला नुसती खर्जाची ओळ आणि त्यावर काही आकडे मिळायचे. वरचे स्वर त्याने जागच्या जागी भरायचे. म्हणजे बंदिश लिहिलेली, पण बरंचसं वाजवणाऱ्यावर सोडलेलं.

आता खरी अडचण. ती आपल्या सिलॅबसमधली आहे. व्हायोलिनवर गज फिरतोय तोवर तारेला ऊर्जा मिळत राहते आणि स्वर टिकतो. मँडोलिनवर तार एकदा छेडली की संपलं, पुढे फर्स्ट इयरचं डॅम्प्ड ऑसिलेशन. जलद भागात याचा फायदाच होतो. प्रत्येक स्वर टोकदार उमटतो, लय उठून दिसते आणि तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत एकदम आजचं वाटतं. पण संथ भागातला लांब स्वर मधेच विरून जातो. मग एक तर ट्रेमोलो करायचा, म्हणजे तीच तार भराभर छेडत राहायची, नाहीतर मधली जागा छोट्या हरकतींनी भरायची. किंवा हिंमत करून स्वर विरू द्यायचा. यातलं काय करायचं हे कागदावर नसतं.

शिवाय विवाल्डीच्या वेळच्या मँडोलिनला प्राण्यांच्या आतड्याच्या तारा असत. आजच्यासारखं, धातूच्या तारांच्या चार जोड्यांचं नेपल्सचं मँडोलिन अठराव्या शतकाच्या मध्याला पुढे आलं. म्हणजे आजच्या वाद्यावर 'अगदी तेव्हासारखं' वाजणं शक्यच नाही!

थोडक्यात काय, आधुनिक वृत्ती म्हणजे मागे ड्रम्स लावणं नव्हे. रचनाकाराने आपल्यावर सोडलेले निर्णय न घाबरता घेणं. मी इतकी वर्षं ज्याला शिस्त म्हणत होते, त्यात थोडी भीतीसुद्धा होती.

हल्ली एक जुनं मँडोलिन घेऊन विवाल्डीच्या सी मेजर कॉन्चेर्टोचा संथ भाग, लार्गो, बसवतेय. आधी प्रत्येक स्वरावर ट्रेमोलो ठोकायचे. परवा एक स्वर तसाच विरू दिला. रूममेटने पुस्तकातून मान वर केली आणि म्हणाली, "हे परत वाजव."

तर मंडळी, सबमिशन संपली की हा लार्गो ऐका. फक्त पाचेक मिनिटं मोबाईल बाजूला ठेवा!