मोठी खरेदी आणि गांवचा शिंपी

सरकार हें देशांतील सर्वांत मोठें गिऱ्हाईक होय. कागदापासून आगगाडीच्या रुळांपर्यंत त्यास सर्व कांहीं लागतें. ही खरेदी ज्या त्या कचेरीनें करावी, कीं सर्वांसाठीं एकाच ठिकाणीं व्हावी, हा वाद जुना आहे. हिंदुस्थानांत १९२२ सालीं इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट निघालें तें एकत्र खरेदीच्या विचारानेंच. त्याचा वारसा चालविणारें पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ऑक्टोबर २०१७ मध्यें बंद झालें, आणि २०१६ सालीं सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी ई-बाजारपेठेनें त्याची जागा घेतली. अमेरिकेंतही मार्च २०२५ मध्यें अध्यक्षांनीं सर्वसाधारण वस्तूंची खरेदी १९४९ पासूनच्या एका मध्यवर्ती खात्याकडे एकवटण्याचा हुकूम काढला.

घाऊक मागणीस भाव उतरतो, माल एकसारखा मिळतो, तपासणीही एकदांच करावी लागते. हे फायदे खरे आहेत. परंतु मागणीचा आकार वाढला कीं भावाच्या आधीं विक्रेताच बदलतो, ही गोष्ट हिशेबांत क्वचितच धरली जाते. हें कसें घडतें तें शाळेच्या गणवेशावरून चांगलें समजतें.

समग्र शिक्षा योजनेंत पहिली ते आठवीच्या मुलांस दोन गणवेशांसाठीं सहाशे रुपये मिळत. पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे येत, व समिती जवळपासच्या बाजारांत खरेदी करी. कवठे महांकाळसारखें तालुक्याचें गांव घ्या. येथील शेतकऱ्याचा हात द्राक्ष-बेदाण्याच्या पैशावर चालतो आणि अवर्षणाच्या सालीं तो आंखडतो. अशा गांवीं शाळांचें काम म्हणजे शिंप्याला लग्नसराई संपल्यावरचा आधार. मुलें दुकानांत येत, तो मापें घेई. बाही लांब झाली तर दुसऱ्या दिवशीं दुरुस्त करून देई. कापडाचा तागा दुकानदाराकडून उधारीवर मिळे, आणि समितीचे पैसे आले म्हणजे ती उधारी फिटे.

२०२४-२५ सालीं महाराष्ट्र सरकारनें ‘एक राज्य, एक गणवेश’ ही योजना अमलांत आणिली. कापडाची खरेदी राज्याच्या पातळीवर, एका निविदेनें झाली. एका गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली. स्काउट-गाइडच्या दुसऱ्या गणवेशाचें कापड शाळांकडे आलें, व त्याच्या शिलाईस शंभर आणि इतर खर्चास दहा रुपये ठरले.

आतां शिंप्याच्या बाजूनें पाहावें. राज्यभराच्या कापडाच्या निविदेस मागील वर्षांची मोठी उलाढाल आणि भारी बयाणा लागतो. तालुक्याच्या दुकानदारानें कितीही स्वस्त भाव दिला असता तरी त्याला दारांतच उभें राहावें लागलें असतें. त्याचा भाव कोणीं विचारलाच नसता. शिंप्याच्या हातीं उरली ती शंभर रुपयांची मजुरी. बचत गटांतील बायकांस काम मिळालें ही चांगली बाजू खरी. पण त्यांच्याकडूनही दर अपुरा असल्याच्या तक्रारी आल्या.

सरकारचें तरी साधलें काय? शाळा जूनमध्यें उघडल्या. १५ ऑगस्टलाही राज्यांतील कित्येक मुलांच्या अंगावर नवे गणवेश नव्हते, आणि जे आले त्यांतले पुष्कळ अंगास बसत नव्हते. सिमेंटच्या पोत्यास माप लागत नाहीं, मुलाला लागतें. हा भेद निविदेंत मावत नाहीं. डिसेंबर २०२४ मध्यें सरकारनें निर्णय फिरवून २०२५-२६ पासून खरेदीचा अधिकार समित्यांस परत दिला.

मोठ्या खरेदींत लहानांस जागा राहावी म्हणून केंद्र सरकारनें २०१२ सालीं धोरण आंखलें. त्यानें केंद्रीय खात्यांच्या खरेदीचा वीस टक्के वांटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेण्याचें ठरलें. पुढें हा वांटा पंचवीस टक्के झाला. मात्र हें धोरण माल तयार करणाऱ्यांसाठीं आहे, केवळ विकणाऱ्यांसाठीं नाहीं. म्हणजे शिंपी त्यांत बसूं शकतो, तागा देणारा दुकानदार बसत नाहीं. २००६ च्या कायद्यानें पंचेचाळीस दिवसांच्या आंत पैसे देण्याचें व उशीर झाल्यास जबर व्याजाचें बंधनही घातलें आहे; पण त्याचा आधार घ्यावयाचा तर उद्योगाची नोंद आधीं झालेली असावी लागते. २०२० पासून ही ‘उद्यम’ नोंद विनामूल्य होते. गांवोगांवच्या शिंप्यांत ती किती जणांनीं केली आहे, हें समित्यांनीं काम देतांना एकदां विचारलें तर बरें.